तक्त्यावर नसलेला उस्ताद

आमच्या शाळेत सातवीच्या वर्गात, दाराशेजारच्या भिंतीवर 'चांगल्या सवयी' नावाचा एक जुना तक्ता टांगलेला आहे. तसा तक्ता तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. चौकोनाचौकोनांत एकच गोरागोमटा मुलगा. तो पहाटे उठतो, दात घासतो, आईवडिलांच्या पाया पडतो, वेळेवर शाळेत जातो, आंधळ्या माणसाला रस्ता ओलांडून देतो. बी.एड.ला असताना आम्हीही असे तक्ते रंगवले. शैक्षणिक साधन म्हणून त्याला गुण होते. पाठ चांगला झाला की निरीक्षक पहिला शेरा तक्त्यावरच द्यायचे. नोकरी लागल्यावर तक्ता भिंतीवर गेला आणि आम्ही त्याच्याकडे बघायचे सोडून दिले.

काही वर्षांपूर्वी वर्गात एक मुलगा होता. संध्याकाळी नात्यातल्या कुणाच्या तरी गॅरेजात 'काम शिकायला' जायचा. एका सकाळी मनगटावर भाजल्याचा चट्टा घेऊन आला. विचारल्यावर म्हणाला, सायलेन्सर लागला. मी हेडसरांच्या खोलीतून मलम आणून लावले. तेवढ्या वेळात त्याची नजर भिंतीवरच्या तक्त्यावर फिरत होती. मग सहज विचारल्यासारखा म्हणाला, "सर, इसमें छोरा कैसा रहना वो है. उस्ताद कैसा रहना, वो कां है?"

मला उत्तर देता आले नाही. सायलेन्सर लागला की लावला, हेही मी पुढे खोदून विचारले नाही. आठवीनंतर तो शाळेत आला नाही. त्याचा प्रश्न मात्र राहिला. इतिहास हा माझ्या आवडीचा विषय, म्हणून तो प्रश्न घेऊन मी मागे मागे जात राहिलो. धंदा शिकणाऱ्या पोरांना चित्रांतून नीती शिकवण्याचा प्रयत्न कुणी केला होता का? आणि त्या चित्रांत उस्ताद कुठे उभा होता?

आधी दोन शब्दांबद्दल. 'तक्ता' हा शब्द फारसीतून आला. मूळ 'तख्ता', म्हणजे लाकडाची फळी. दुसरा शब्द आपला 'ठसा'. लाकडावर किंवा धातूवर आकृती उलटी कोरायची, तिला रंग लावायचा आणि कागदावर किंवा कापडावर दाबायची, तो ठसा. यावरूनच आपण 'मनावर ठसवणे' म्हणतो. मुलाच्या मनावर काही ठसवायचे म्हटले की आपल्या भाषेला आपोआप छापखाना आठवतो. मग ठसा कुणी कोरला आणि तो कुणावर दाबला, हे विचारायला काय हरकत आहे?

या प्रश्नाचा माग काढताना मला पहिला थांबा सापडला तो जपानमध्ये. जपानी लाकडी ठशांची चित्रे म्हटली की आपल्याला होकुसाईची ती मोठी लाट आठवते. कॅलेंडरवर, मगवर, मोबाइलच्या कव्हरवर ती सगळीकडे आहे. पण ज्या काळात ही कला भरात होती, त्या काळात ठशांवर सर्वांत जास्त काय छापले जात होते? पुस्तके. गोष्टींची, हिशेबाची, पत्रलेखनाची आणि नीतीची पुस्तके. चित्र आणि मजकूर एकाच फळीवर कोरलेला असायचा. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर पालथा चिकटवत आणि कोरणारा कारागीर रेघा तेवढ्या ठेवून बाकीचे लाकूड काढून टाकी. मग फळीला शाई लावून, वर कागद ठेवून, बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीने तो घासत. यंत्र नाही, दाब नाही, सगळा हाताचा खेळ. त्यामुळे माल स्वस्त पडे. एक सुटे चित्र साधारण शेवयांच्या एका वाडग्याच्या किमतीत मिळायचे. ज्याला विकत घेणे जमत नसे त्याच्यासाठी पाठीवर पुस्तकांचा गठ्ठा घेऊन दारोदार फिरणारे, भाड्याने पुस्तके देणारे लोक होते. होकुसाई स्वतः पोरवयात अशाच एका पुस्तकवाल्याकडे कामाला होता, आणि नंतर काही वर्षे ठसे कोरणाऱ्याच्या हाताखाली शिकला.

आता हे वाचत कोण होते, ते पाहू. एदोत म्हणजे आजच्या तोक्योत, ओसाकात आणि क्योतोत व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर दहा-बारा वर्षांची मुले कामाला ठेवली जात. त्यांना 'देत्ची' म्हणत. झाडू मारायचा, निरोप पोहोचवायचे, मालकाच्या मागे गाठोडे घेऊन चालायचे आणि रात्री दिव्याखाली हिशेब गिरवायचा. पगार असा नाहीच. जेवण, राहणे आणि सणाला मालकाकडून कपडे. घरी जायची सुटी वर्षातून दोनदा, पहिल्या आणि सातव्या महिन्याच्या सोळा तारखेला. दहा-एक वर्षे अशी काढली की मग कारकून, आणि नशीब असेल तर पुढे मुनीम.

या मुलांसाठी आणि गावोगावच्या छोट्या खासगी शाळांसाठी ठशांवर छापलेली क्रमिक पुस्तके होती. १६९४ मध्ये निघालेले 'शोबाई ओराई' हे त्यांतले गाजलेले. नावाचा अर्थ व्यापाराचा पाठ. त्यात नाण्यांची, धान्याची, कापडाची, औषधांची, भांड्यांची नावे ओळीने येतात. मूल ती गिरवता गिरवता अक्षरही शिके आणि बाजारही. शेवटी उपदेश येतो. गाणेबजावणे, खेळ आणि चैनीत पडू नये, गिऱ्हाइकाशी नीट वागावे, अवाजवी नफ्याच्या मागे लागू नये. आपल्याकडच्या जुन्या पंतोजींच्या शाळेतली उजळणी आठवा आणि तिच्या शेवटी सुभाषित जोडा, तसे काहीसे.

नीतीच्या या शिकवणीला पुढे एका माणसाने मोठे बळ दिले. त्याचे नाव इशिदा बैगान. जन्म १६८५, शेतकऱ्याच्या घरी. अकराव्या वर्षी तो क्योतोत एका पेढीवर कामाला लागला. ती पेढी बुडीत निघाली होती, सणाचे कपडेही मिळत नव्हते, तरी पोराने घरी तक्रार केली नाही, असे शिष्यांनी लिहिलेल्या त्याच्या चरित्रात येते. पुढे गावी परतून, तेविसाव्या वर्षी पुन्हा क्योतोत येऊन त्याने दुसऱ्या पेढीवर अनेक वर्षे नोकरी केली. १७२९ मध्ये त्याने स्वतःच्या घरी व्याख्याने सुरू केली. फी नाही, ओळखीची गरज नाही, ज्याला ऐकायचे त्याने यावे. बायकांनाही मज्जाव नव्हता. त्या पडद्यामागे बसत. सामुराई जसा आपले वेतन घेतो, तसाच व्यापाऱ्याने घेतलेला रास्त नफा, त्यात लाज कसली, असे तो सांगे. त्या समाजाच्या उतरंडीत व्यापारी सर्वांत खालच्या पायरीवर मानला जाई, हे लक्षात घेतले तर या म्हणण्यातले धाडस कळते. त्याच्या पंथाला 'शिंगाकु', म्हणजे अंतःकरणाची विद्या, असे नाव पडले.

बैगानचा शिष्य तेशिमा तोआन याने तर खास मुलांसाठी प्रवचने सुरू केली. सात ते पंधरा वर्षांची पोरे समोर. १७७३ मध्ये ती प्रवचने पुस्तकरूपाने निघाली. शिवाय शिंगाकुची मंडळी उपदेशाचे सुटे कागद लाकडी ठशांवर छापून फुकट वाटत. पोर तो कागद मालकाच्या घरी नेई आणि भिंतीला चिकटवी. माझ्या वर्गातल्या तक्त्याचा हा पणजोबा.

पण फुकट वाटलेला उपदेश कोण वाचतो? हे शिक्षकाइतके कुणाला ठाऊक नसेल. पोरांनी खरोखर पैसे देऊन वाचले ते वेगळेच पुस्तक. १७९० साली एदोत सांतो क्योदेन नावाच्या लेखकाने, सावकारी पेढी चालवणाऱ्या बापाच्या या चतुर मुलाने, 'शिंगाकु हायासोमेगुसा' नावाचे छोटे चित्रपुस्तक लिहिले. चित्रे किताओ मासायोशीची. पिवळ्या मुखपृष्ठाच्या, पाच-पाच पानांच्या पातळ भागांत निघणाऱ्या या पुस्तकांना 'किब्योशी' म्हणत. मजकूर सोप्या लिपीत, चित्रातल्या मोकळ्या जागेत माणसांच्या डोक्याभोवती लिहिलेला. जवळजवळ आजचे कॉमिक.

गोष्ट अशी. एका व्यापाऱ्याला मुलगा होतो, त्याचे नाव रितारो. जन्माच्या वेळी त्याच्या अंगात चांगला आत्मा शिरतो. चित्रात आत्मे म्हणजे लंगोटीवरची उघडीबंब माणसे, चेहऱ्याच्या जागी नुसते वर्तुळ आणि त्या वर्तुळात 'चांगला' किंवा 'वाईट' या अर्थाचे एकच अक्षर. रितारो अठरा वर्षांचा होईपर्यंत शहाण्यासारखा वागतो. एक दिवस दुपारी त्याचा डोळा लागतो. वाईट आत्मे टपलेलेच असतात. ते चांगल्या आत्म्याला दोरीने बांधून अंगात शिरतात आणि पोरगा उठतो तो थेट कोठीच्या रस्त्याला लागतो. घरी परतावे की राहावे, अशी चलबिचल होते तेव्हा दोन्ही बाजूंचे आत्मे त्याचे हात धरून रस्सीखेच करतात. पुढे पैसा जातो, घर सुटते, तो चोरीपर्यंत पोहोचतो. शेवटी एक सज्जन गुरू भेटतो, चांगल्या आत्म्याचे कुटुंबीय वाईटांना मारून हाकलतात आणि मुलगा घरी येतो.

उपदेश नेहमीचाच. पण क्योदेनने मुलाला वाईट म्हटले नाही. त्याच्या आत चाललेली ओढाताण बाहेर काढून दाखवली, तीही हसवत. चूक करणाऱ्या पोराला स्वतःकडे बघून हसता येईल अशी जागा ठेवली. पुस्तक इतके चालले की पुढचे भाग निघाले. गंमत म्हणजे लोकांना वाईट आत्मेच जास्त आवडले. १८३२ मध्ये ते काबुकीच्या रंगमंचावर नाचले आणि तो नाच आजही होतो.

उर्दू शिकवताना मला याची बहीण सापडते. डेप्युटी नझीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' ही १८६९ ची कादंबरी. त्यात अकबरी आणि असगरी या दोन बहिणी, एक बेपर्वा, एक सुगरण. मुलींना वळण लावण्यासाठी लिहिलेले ते पुस्तक, त्याला सरकारी बक्षीस मिळाले. वर्गात वाचताना मुली असगरीची बाजू घेतात आणि हसतात मात्र अकबरीच्या प्रसंगांना.

इथवर वाचून वाटेल, काय सुंदर व्यवस्था होती. पण त्या मुलाचा प्रश्न खिशात ठेवून बघितले की दुसरी बाजू दिसते. १७८७ ते १७९३ ही जपानमध्ये कडक सरकारी सुधारणांची वर्षे. दुष्काळ पडून गेला होता, शहरांत तांदळासाठी दंगली झाल्या होत्या. मंत्री मात्सुदाइरा सादानोबुने काटकसरीचे आणि शिस्तीचे फर्मान काढले. शिंगाकु सरकारला आवडू लागली, कारण ती प्रत्येकाला आपापल्या जागी नीट राहायला शिकवत होती. १७९० मध्येच एदोच्या एका बेटावर बेघर आणि किरकोळ गुन्हेगारांना धंदा शिकवण्यासाठी आवार उघडले, तिथे शिंगाकुचे प्रवचनकार नेमले गेले. आणि पुढच्याच वर्षी, १७९१ मध्ये, नीतीचे सर्वांत खपाऊ चित्रपुस्तक लिहिणाऱ्या क्योदेनला कोठ्यांवरच्या दुसऱ्या पुस्तकांसाठी पन्नास दिवस हातात बेड्या घालून घरी बसवले. त्याचा प्रकाशक त्सुताया जुझाबुरो याची अर्धी मालमत्ता दंडात गेली.

शिकाऊ पोराने लवकर उठावे, खोटे बोलू नये, मालकाचा पैसा उडवू नये, हे सगळे ठशावर आले. बारा वर्षांच्या पोराला वर्षातून दोनच दिवस आई दिसावी का, याचा ठसा मात्र कुणी कोरला नाही. बैगान जेव्हा सणाच्या कपड्यांविना गप्प राहिला, तेव्हा ते गप्प राहणे सद्गुण म्हणून छापले गेले. कपडे न देणारा मालक चित्राबाहेरच राहिला.

आता आपल्या मुलुखात येऊ. वर्षे तीच आहेत. क्योदेनचे पुस्तक एदोत खपत होते त्या सुमारास पुण्यात सवाई माधवरावांची पेशवाई होती आणि इंग्रजांचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट तिथे राहत होता. त्याच्या आग्रहाने जेम्स वेल्स नावाचा चित्रकार १७९२ मध्ये पुण्यात आला आणि शनिवारवाड्यात चित्रकला शिकवण्याची सोय झाली. तिथे तयार झालेला गंगाराम तांबट वेरूळची लेणी, शनिवारवाड्याजवळचे प्राणी, पहिलवान असे बरेच काही रेखाटत होता. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तांबट हे आडनावच सांगते की घरचा धंदा तांब्याची भांडी घडवण्याचा.

याच वातावरणात नाना फडणवीसांच्या मनात देवनागरी अक्षरे तांब्यावर कोरून छापण्याचा विचार आला आणि एका तांबटाला ते काम शिकवले गेले. १७९७ मध्ये मॅलेट गेला, १८०० मध्ये नाना वारले, काम अर्धवट पडले. कारागीर रिकामा झाला. त्याला आसरा मिळाला तो मिरजेत. जहागीरदार गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांनी त्याच्याकडून तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्गीता कोरून घेतली आणि १८०५ मध्ये मिरजेत ती छापून निघाली. भारतीय माणसाने स्वतःच्या हिमतीवर छापलेल्या पहिल्या नागरी ग्रंथांत तिचे नाव घेतले जाते. मिरज स्टेशनवरून रोज हजारो माणसे गाडी बदलतात, त्यांतल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

त्या तांबटाचा मी बराच विचार करतो. प्रत्येक अक्षर उलटे कोरायचे, म्हणजे गीतेतला प्रत्येक श्लोक त्याच्या हाताखालून गेला. कर्म करत राहावे असे सांगणारा ग्रंथ एका कर्म करणाऱ्यानेच तांब्यात उतरवला. छापलेल्या प्रती मात्र दान म्हणून ब्राह्मणांच्या हाती गेल्या. जपानमध्ये पोरगा चार पैसे टाकून आपल्या भाषेतले, आपल्यासारख्याच पोराचे पुस्तक घेऊ शकत होता. इथे ज्याने ठसा कोरला, तो ठसा त्याच्यासाठी नव्हता. तंत्र आपल्याकडे होते, कसब होते, पैसा देणारा धनीही होता. वाचणारा पोरगा मात्र कुणाच्या नजरेसमोर नव्हता.

मुलांसाठी मराठीत छापील नीतिकथा लगेच पुढच्या वर्षी आल्या, पण दूर तंजावरला. सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ मध्ये 'बालबोधमुक्तावली' निघाली. इसापच्या गोष्टी मराठीत. ती राजाच्या शाळेतल्या मुलांसाठी. भात्यावर बसलेल्या, करवत ओढणाऱ्या, माग चालवणाऱ्या पोरापर्यंत ती पोहोचायला अजून पुष्कळ काळ जायचा होता.

धंदा शिकणाऱ्या पोरांची दखल कायद्याने घेतली ती १८५० मध्ये. अनाथ आणि गरीब मुलांना करारावर धंदा शिकायला ठेवण्यासाठी कंपनी सरकारने कायदा केला. दहा ते अठरा वयाची मुले. करार झाला, पण अक्षराचे काय? तो प्रश्न विचारला ज्यांचे मूळ गाव आमच्या साताऱ्यातले कटगुण त्या जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी खेड्यातल्या मुलाला काय शिकवावे याची यादीच दिली. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीची प्राथमिक माहिती, आणि त्याबरोबर नीतीचे आणि आरोग्याचे काही पाठ. नीती त्यांनी वगळली नाही, पण ती हिशेबाच्या आणि शेतीच्या शेजारी ठेवली. ज्याला हिशेब येतो त्याला मालकाची वही वाचता येते. हिशेब न शिकवता नुसता प्रामाणिकपणा शिकवला, तर तो फक्त मालकाच्या सोयीचा राहतो.

पुढे १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहतील असे वसतिगृह सुरू केले. तिथे मुले कामही करत आणि शिकतही. हे काम मालकाच्या फायद्यासाठी नव्हते, स्वतःच्या शिक्षणासाठी होते. आणि अण्णा स्वतः त्या मुलांमध्ये राहत होते. तिथे मुलांना मोठा माणूस कसा वागतो ते रोज समोर दिसत होते.

हा धागा धरून मी पुन्हा मिरजेला जातो, तांबटाच्या गावी, पण आता सतारमेकर गल्लीत. मिरजेचे शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस संपले तसे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या घराण्यातल्या लोकांनी तंतुवाद्ये दुरुस्त करता करता ती घडवायला सुरुवात केली. पाते परजणारे हात सूर परजू लागले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा येतो, तो वाळवतात, भिजवतात, कापतात, त्याला लाकडी दांडी जोडतात, नक्षी काढतात, पॉलिश करतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

एका कारखान्यात मी मुलांची सहल घेऊन गेलो होतो. तिथल्या वयस्कर कारागिराला मी विचारले, "चाचा, नवीन पोराला पहिल्यांदा काय शिकवता?" ते म्हणाले, "बसायला." मग हसून सांगू लागले, पहिले महिने पोरगा काचकागद मारतो आणि बघतो. जवारी लावणे सर्वांत शेवटी. घोडीचा पृष्ठभाग केसाएवढा घासायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. "हात जास्त गेला तर दिवस वाया. पोराच्या हातून पहिली जवारी बिघडतेच. तेव्हा ओरडलो, तर त्याचा कान बंद होतो. कान बंद झाला की हा धंदा खलास."

भिंतीवर तक्ता कुठे दिसला नाही. मक्का-मदिनेचे कॅलेंडर होते, गवयांचे फोटो होते. शिकवणीचे चित्र म्हणजे समोर बसलेला म्हातारा स्वतः. मला त्या परंपरेचे गोडवे गायचे नाहीत. सगळे उस्ताद असे नसतात, आणि घरचाच पोरगा म्हणून कमी पैशांत राबवून घेणेही या धंद्यांत चालतच आले आहे. पण उस्तादाचे ओरडणे हा पोराच्या स्वभावाचा नव्हे, तर उस्तादाच्या हुनराचा दोष आहे, हे त्या एका वाक्यात होते. एवढे शिंगाकुच्या कागदांतही मला सापडले नाही.

मराठीत 'कसब' म्हणजे कौशल्य. तोच शब्द अरबीत आणि उर्दूत कमाई या अर्थाने येतो, हाताने मिळवलेली हलाल कमाई. हजरत दाऊद हे बादशहा असूनही स्वतःच्या हातच्या कामावर जेवत, ही गोष्ट आमच्याकडे मदरशातल्या पोरालाही ठाऊक असते. ती पोरांना सांगायला सोपी, कारण ती पोराने कसे राहावे ते सांगते. दुसरी गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. अनस बिन मालिक लहानपणी पैगंबरांच्या सेवेत आले आणि दहा वर्षे राहिले. मोठेपणी त्यांनी साक्ष दिली की त्या दहा वर्षांत पैगंबर मला कधी 'उफ्' सुद्धा म्हणाले नाहीत, हे का केलेस आणि ते का केले नाहीस असेही विचारले नाही. ही साक्ष हाताखालच्या पोराने दिलेली, मालकाबद्दलची आहे. आपल्या प्रवचनांत अनस यांच्या इमानी सेवेचे कौतुक होते. पण या हदीसमध्ये परीक्षा कुणाची झाली? मोठ्या माणसाची झाली, आणि गुण पोराने दिले.

त्या मुलाने वर्गात विचारला होता तो प्रश्न हाच होता. मी त्याला तेव्हा एवढे सांगू शकलो असतो. कायद्याचेही सांगता आले असते. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात मदत करायची तर ती शाळा सुटल्यावर आणि धोक्याचे काम नसेल तरच. हे मला बी.एड. असून नीट माहीत नव्हते. २०१६ ची दुरुस्ती मी नंतर वाचली. मी त्याच्या घरी जायला हवे होते, गॅरेजवाल्याला भेटायला हवे होते. मी मलम लावले आणि फळ्याकडे वळलो. त्या तक्त्यात शिक्षकासाठीही चौकोन नव्हता. तो असता, तर त्यात माझे काय चित्र आले असते?

यंदा जूनमध्ये मी तो तक्ता काढला नाही. शेजारी कार्डशीट लावली आणि मुलांना सांगितले, मोठ्यांच्या चांगल्या सवयी काढा. दोन दिवस कुणी हात लावला नाही. त्यांना वाटले, सर मजा करतायत. मग एका मुलीने पहिला चौकोन भरला. दुकानदार, आणि खाली उर्दूत लिहिले, 'सुट्टे पैसे पूरे देता है.' त्यानंतर रांग लागली. फोन बाजूला ठेवणारे अब्बा. चूक झाली तर पुन्हा दाखवणारा टेलर. एका मुलाने हातात छडी नसलेले मास्तर काढले. ते मीच आहे, असे सगळे म्हणाले. छडी मी कधीच वापरत नाही, असे मला म्हणता आले असते तर बरे झाले असते.

खालचा उजवा चौकोन अजून रिकामा आहे. तो मी मुलांना भरू दिलेला नाही. तिथे गॅरेज काढायचे आहे, वाकलेला पोरगा आणि शेजारी उभा उस्ताद. उस्तादाने काय करताना दिसावे, हे मी ज्याला विचारायला हवे तो मुलगा आता वीसेक वर्षांचा असेल. ऐकले की त्याचे स्वतःचे गॅरेज झाले आहे आणि हाताखाली एक पोरगा आहे. सुटीत जाऊन त्यालाच विचारावे म्हणतो.